चौथीतलं अक्षर

(दौंड. नकुशीचं स्वयंपाकघर. दुपारचे साडेबारा. तिची कंपनीची बस सव्वादोनला कोपऱ्यावर येते.)

नकुशी: मग? परत वही घरी राहिली म्हणून सांगितलंस?

रंभा: हो. तिसऱ्यांदा. लिहायच्या वर्गात पहिल्या रविवारी नुसती ओळख होती. नाव सांगायचं, गाव सांगायचं, काय लिहावंसं वाटतं ते सांगायचं. तेवढं निभावलं. पुढचे तीन रविवार मात्र वही घरी राहिली.

नकुशी: आन् वही व्हती कुठं?

रंभा: पिशवीत. पिशवी मांडीवर.

नकुशी: आक्का, अठ्ठेचाळीस वर्षांची झालीस तू. तुझ्या अंगणवाडीतली पोरं पाटी इसरल्याचं सांगत्यात, तशी सांगतीस.

रंभा: बाकीच्या सगळ्या शिकलेल्या गं. एक बँकेतली, दोन शिक्षिका, एक तर वकिलीण आहे. शिरूरच्या वाचनालयात मी आत्तापर्यंत पुस्तक बदलायला गेलेली बाई. तिथं खुर्चीवर बसून आपलं लिहिलेलं ऐकवायचं? दहावी नापास बाईनं काय वाचायचं?

नकुशी: नापास गणितात झालीस. मराठीत न्हाई.

रंभा: मॅडम चांगल्या आहेत तशा. म्हणाल्या, रंभाताई, कसंही असू दे, वाचा. आपण काय परीक्षा घेत नाही. पण मला वाटतं, आपण तोंड उघडलं की सगळ्यांना कळणार.

नकुशी: काय कळणार?

रंभा: की ही कशी बाई आहे ते.

नकुशी: कशी हायेस? सरळ तर हायेस. कुणाच्या अध्यात न्हाई, मध्यात न्हाई. परवा यष्टीत तुझ्या वस्तीवरची एक बाई भेटली. म्हणली, तुमची बहीण पोराचं नाव मोबाईलमधी भरायच्या आधी तीन-तीनदा इचारती. आई म्हणली 'साई', तरी मॅडम म्हणत्यात, नक्की का? घरी बोलून आलात का? मग कागदावर मोठं लिवून दाखवती, मग भरती. सगळी वस्ती हसती म्हणं तुला.

रंभा: हसू दे.

नकुशी: चुकलं तर बदलता येतंय की मोबाईलमधी.

रंभा: येतं. पण एकदा लिहिलेलं कुणी बदलायला जात नाही, नकू. राहून जातं.

नकुशी: ते पीठ सरकव इकडं. आन् भाजी कुठली टाकू डब्यात? मेथी हाय आन् सकाळची वांगी हायेत.

रंभा: तुला काय आवडतं?

नकुशी: बघ, मला इचारती. मला कवा आवडीचं मिळालंय. मेथी टाकते. तू पण खा दोन घास, तीन तास यष्टीत बसून आलीस. न्हावऱ्याला उभी करत्यात का अजून अर्धा तास?

रंभा: करतात. आज तर ड्रायव्हर चहाला गेला तो आलाच नाही. मी तेवढ्यात वही काढली होती. वाचून बघितलं. परत ठेवली.

नकुशी: माझ्यासाठी आणलीस ना? मग काढ बाहीर. मी भाकरी थापते, तू वाच. माझा चष्मा तसाबी कंपनीच्या लॉकरला राहिलाय.

रंभा: जेवून वाचू का?

नकुशी: जेवून मी कपडे बदलणार, बस गाठणार. शिरूरवरनं एवढ्या लांब काय मेथी खायला आलीस? वाच.

रंभा: हसायचं नाही.

नकुशी: हसले तर सांग.

रंभा: 'प्रभातसमयी पूर्व दिशेला सुवर्णरंगाची उधळण झाली होती. एका छोट्याशा खेडेगावात एक गरीब परंतु सुशील कन्या राहत होती.'

नकुशी: थांब. हे खेडेगाव कुठलं?

रंभा: निमोणे.

नकुशी: आन् ही सुशील कोण?

रंभा: तू.

नकुशी: मी? मी शेजारच्या गोठ्यातली अंडी चोरायचे, आन् सुशील? आन् सुवर्ण कुठलं गं, सकाळी उठलं की शेण काढायचं आन् पाणी भरायचं. तूच तर मला लाथ घालून उठवायचीस.

रंभा: तू म्हणालीस हसणार नाही.

नकुशी: हसत न्हाई. माझ्यावर लिवलंय हे सांगितलं न्हाईस तू. व्हू दे. वाच पुढं.

रंभा: 'तिच्या जन्माने घरात कुणालाही आनंद झाला नाही. तीन मुलींच्या पाठीवर आलेली ती चौथी. पुढचा तरी मुलगा व्हावा म्हणून आजीने तिचे नाव नकुशी ठेवले.'

नकुशी: हे खरं हाय. हे बरं लिवलंस. आन् माझ्या मागनं भारत झाला हे पण लिव. म्हातारी मरेपर्यंत सांगायची, नावाचा गुण आला म्हणून.

रंभा: लिहिलंय ते. पुढच्या पानावर आहे.

नकुशी: मग वाच ना. थांबतीस कशाला सारखी?

रंभा: 'पाहता पाहता शाळेत नाव घालण्याचा दिवस उजाडला. गुरुजींनी जाडजूड रजिस्टर उघडले. कठोर मुद्रेने त्यांनी त्या बालिकेकडे पाहिले आणि तेच नाव आपल्या टपोऱ्या अक्षरात लिहून टाकले.'

नकुशी: कुणी लिवलं?

रंभा: गुरुजींनी. गोष्ट आहे गं ही.

नकुशी: गुरुजींनी न्हाई लिवलं. तू लिवलंस.

रंभा: काय?

नकुशी: रजिस्टर बघितलंय मी, आक्का.

रंभा: कधी बघितलंस?

नकुशी: झाली तीन वर्षं. पीएफच्या कागदावर 'नकुसा' पडलं व्हतं आन् आधारला 'नकुशी'. एचआरवाला म्हणला शाळेचा उतारा आणा. गेले निमोण्याला. हेडमास्तरनं कपाटातनं रजिस्टर काढून पुढ्यात ठेवलं, फोटो काढून घ्या म्हणला. बघते तर तुझं अक्षर. तू 'कु'चा उकार असा लांब ओढतीस ना खाली, अजून ओढतीस, वाणसामानाच्या यादीत पण. पुरं पान तुझ्या हातचं. माझं नाव खालनं तिसरं.

रंभा: आणि मला बोलली नाहीस.

नकुशी: त्यात काय बोलायचं? एकशिक्षकी शाळा, गुरुजी तुझ्याकडनंच सगळं भरून घ्यायचे, चांगलं अक्षर म्हणून. चौथीतली पोर तू. बापानं सांगितलं तसं लिवलं. तुझा काय दोष? मला राग आला तो आबाचा आला. म्हातारीनं ठेवलं ते ठेवलं, घरात हाक मारायला व्हतं. शाळंत तरी बापानं पोरीला बरं नाव लावावं का न्हाई? आन् ते पण थोरल्या बहिणीच्या हातनं लिवून घेतलं. मी तशीच शाळंतनं घरी गेले आन् त्याला इचारलं. तू व्हतीस की तिथं.

रंभा: होते.

नकुशी: आबा खाटंवर व्हता. मी म्हणलं, का लावलंस असलं नाव? बावीस वर्षं पंचिंग करते मी त्या नावानं. नवीन सुपरवायझर आला की आधी कार्ड बघतो, मग माझ्याकडं बघतो. बिहारची पोरं तेवढी नकुशी दीदी म्हणत्यात, त्यांना अर्थ ठाऊक न्हाई. त्यांच्या तोंडात ते नाव बरं लागतं. हे सगळं बोलले मी त्याला. तर काय म्हणला? चुकलं माझं, बाई. एवढंच. वर काही न्हाई, खाली काही न्हाई.

रंभा: नकू, भाकरी करपली.

नकुशी: करपू दे. तू रडतीस कशाला?

रंभा: आबांनी ते नाव सांगितलं नव्हतं.

नकुशी: म्हंजी?

रंभा: त्या दिवशी आबांना शिरूरला जायचं होतं, मार्केट यार्डात. सकाळी मला विहिरीकडं बोलावलं. म्हणाले, आज धाकटीचं नाव घालायचं शाळेत. गुरुजींना सांग, मी पाठवलंय म्हणून. आणि नाव वेगळं सांगितलं.

नकुशी: वेगळं म्हंजी काय वेगळं?

रंभा: सांगते. मला आधी सगळं बोलू दे, नाहीतर परत राहील. म्हणाले, घरात बोलू नको. म्हातारी आकांत करेल. भारत तेव्हा दीड वर्षाचा. आजीचं म्हणणं, पोरीचं नाव बदललं तर पोराला बाधेल. म्हणून आबांनी घरात काढलंच नाही कधी. म्हणाले, गाव काही का म्हणेना, पण रजिस्टरात चांगलं असू दे. पुढं कामाला येईल.

नकुशी: आन् तू गेलीस.

रंभा: तुझं बोट धरून गेले. गुरुजी ओट्यावर दात कोरत बसले होते. म्हणाले, रंभे, तूच भर, माझा चष्मा सापडत नाही. मी भरलं. वर दोन नावं भरली, मग तुझं.

नकुशी: आन् ते लिवलंस.

रंभा: म्हातारीची भीती होती गं. तिला कळलं असतं तर तिनं मला...

नकुशी: म्हातारीला वाचता येत व्हतं?

रंभा: नाही.

नकुशी: मग?

रंभा: नकू...

नकुशी: आक्का, मी लाईनवर लेबलं तपासते. आठ तास तेच करते. चुकून चिकटलेलं कुठलं आन् जाणून चिकटवलेलं कुठलं, मला कळतंय. का लिवलंस?

रंभा: मला राग आला होता.

नकुशी: माझा?

रंभा: नावाचा. किती चांगलं नाव होतं ते. शहरातलं. मला काय तर रंभा. शाळेत पोरं तमाशातली म्हणून चिडवायची, पोत्यावर बसले की मागून शिट्टी मारायची. मी आबांना एकदा म्हणाले होते, माझं नाव बदला. तर म्हणाले, बरं आहे की, आपल्या आत्याचं आहे. आणि तुझ्यासाठी मात्र विहिरीवर बोलावून, कानात सांगितल्यासारखं... मला वाटलं, नको असलेली ही, आणि हिला असलं नाव? माझ्या हातात लेखणी होती. गुरुजी बघत नव्हते. लिहिलं.

नकुशी: तू दहा वर्षांची व्हतीस.

रंभा: हो. पण कळत होतं मला. लिहिताना अगदी कळत होतं. उकार मुद्दाम लांब ओढला होता मी.

नकुशी: गॅस बंद कर तो.

रंभा: केला.

नकुशी: संध्याकाळी आबानं इचारलं असंल.

रंभा: विचारलं. लिहिलं का? मी म्हणाले, हो. तेवढंच विचारलं त्यांनी. त्यांना कुठं वाचता येत होतं. चार वर्षं ते समजत होते की शाळेत तुला त्या नावानं ओळखतात. कधी कधी तू दप्तर घेऊन निघालीस की माझ्याकडं बघून हसायचे. आमच्या दोघांचं काहीतरी गुपित असल्यासारखं. मला तेव्हा विहिरीत उडी मारावीशी वाटायची.

नकुशी: चार वर्षं. म्हंजी मी चौथीत येईस्तवर.

रंभा: सव्वीस जानेवारी.

नकुशी: पळण्यात पहिली आले व्हते मी. लोखंडी कंपासपेटी व्हती बक्षीस. आबा नवं धोतर नेसून आला व्हता. भोंग्यावर नाव पुकारलं, कुमारी नकुशी. सगळी हसली. आन् आबा उठला आन् चालायला लागला. मी स्टेजवरनं बघत व्हते त्याची पाठ.

रंभा: हो.

नकुशी: मला वाटलं, त्याला माझी लाज वाटली. सगळ्यांच्या म्होरं आपल्या पोरीचं असलं नाव निघालं म्हणून. कंपासपेटी मी घरी नेलीच न्हाई, वढ्यात टाकली. तुला ठाऊक हाय ना ते?

रंभा: ठाऊक आहे.

नकुशी: कुठं गेला व्हता तो उठून?

रंभा: घरी. माझ्याकडं. मी सातवीत होते, मला ताप होता म्हणून आले नव्हते. दारात उभे राहिले आणि म्हणाले, रंभे, तू काय लिहिलंस? मी सगळं सांगितलं. मला वाटलं मारतील. मारलं नाही. खाली बसले उंबऱ्यावर. मग म्हणाले, तिला सांगू नको. बहिणीचा राग धरून बसली तर तिला कुणीच उरणार नाही. बापाचा धरू दे. बापावर रागावून पोरी जगतात.

नकुशी: असं म्हणला?

रंभा: असंच. नंतर बदलायला पण गेले होते ते. शिरूरला दोन खेपा घातल्या, कचेरीत ह्या टेबलावरून त्या टेबलावर. हा कागद आणा, तो कागद आणा. मग म्हातारी पडली, मग आमची लग्नं निघाली. राहून गेलं.

नकुशी: म्हणून तू तीन-तीनदा इचारतीस.

रंभा: हो.

नकुशी: आन् त्या दिवशी? मी खाटंपाशी उभी राहून त्याला बोलत व्हते, तवा?

रंभा: त्यांनी आधी माझ्याकडं बघितलं. मग तुझ्याकडं बघून म्हणाले, चुकलं माझं.

नकुशी: तू काय करत व्हतीस?

रंभा: चहा गाळत होते. गाळून झाला होता. तरी गाळणं हातात धरून उभी होते.

नकुशी: एक शब्द बोलायचा व्हता, आक्का.

रंभा: हो.

नकुशी: तो मेला तवा मी लाईनवर व्हते. भारताचा फोन आला, आबाचं काही खरं न्हाई, निघ. सुपरवायझर म्हणला जावा ताई, गाडी देतो. मी म्हणलं, शिफ्ट सुटल्यावर जाते. ठाऊक हाय तुला? गाडी देत व्हता तो. सगळ्या बहिणींनी पाणी पाजलं आबाला. मी गोळ्यांच्या खोक्यांवरची लेबलं बघत बसले. कशाला घाई करू, म्हणलं. त्यानं कवा माझी घाई केली?

रंभा: ते माझ्यामुळं झालं.

नकुशी: व्हय. तुझ्यामुळं झालं. न्हाई म्हणायला मला जमायचं न्हाई आज.

रंभा: नको म्हणू. मी त्यासाठी नाही आले.

नकुशी: मग कशासाठी आलीस? गुरुजींवर ढकललेलं वाचून दाखवायला? बिचारा गुरुजी चष्मा हुडकत व्हता आन् तू त्याला कठोर मुद्रा दिलीस.

रंभा: मला वाटलं, तू ऐकून म्हणशील, बरं लिहिलंयस. म्हणजे मग रविवारी वाचता येईल. खोटं का होईना, पण लिहायला तर लागेन. आठ वर्षं झाली, कुठंही बसले की काहीतरी सुचतं. आहार वाटताना, यष्टीत. वही उघडली की ते रजिस्टर समोर येतं. आपल्या हातनं निघालेलं पहिलं लिखाण ते. तसल्या हातानं पुढं काय लिहायचं? म्हणून गुरुजी घातले. सूर्य घातला. पण वाचायची वेळ आली की वही घरी राहते. तू नको म्हण, मी नाही लिहिणार. इथंच फाडून चुलीत टाकते.

नकुशी: चूल न्हाई माझ्याकडं. आन् फाडणं सोपं हाय. परत गप बसायला बरं.

रंभा: मग काय करू?

नकुशी: मला काय इचारतीस? येत न्हाई, येत न्हाई म्हणतीस. येतंय की तुला लिवायला. दहाव्या वर्षी एक शब्द लिवलास. अडतीस वर्षं झाली, कुणाला पुसता आला न्हाई.

रंभा: असं नको बोलू गं.

नकुशी: मग कसं बोलू? आबानं सांगू नको म्हणून सांगितलं, ते तू पाळलंस. बाकी काही पाळलं न्हाईस, तेवढं बरं पाळलंस. आन् आता मला सांगून मोकळी व्हायला निघालीस. मी आज शिफ्टला हे घेऊन जाऊ? आठ तास? मग राती हातरुणात पण तेच घेऊ?

रंभा: मोकळी नाही झाले.

नकुशी: न्हाई झालीस. दिसतंय. डोळे पूस त्या पदरानं, पीठ लागलंय.

रंभा: नकू, मी जाऊ का? पावणेतीनची शिरूर गाडी आहे.

नकुशी: बस खाली. किती वाजले?

रंभा: दोनला दहा कमी.

नकुशी: आबानं काय नाव सांगितलं व्हतं?

रंभा: रश्मी.

नकुशी: कुठनं काढलं त्यानं असलं नाव?

रंभा: भारताच्या वेळी आई शिरूरच्या दवाखान्यात होती ना, तिथं एक नर्स होती. रश्मी सिस्टर. आईला फार जपलं तिनं. आबांनी विचारलं, ह्या नावाचा अर्थ काय? ती म्हणाली, सूर्याचा किरण. आबा घरी येईपर्यंत वाटेनं तेच म्हणत आले म्हणे, विसरायला नको म्हणून. मला विहिरीवर सांगितलं तेव्हा पण दोनदा म्हणवून घेतलं माझ्याकडून.

नकुशी: वाटेनं म्हणत आला?

रंभा: आई सांगायची. तिला वाटायचं नर्सचं नाव घोकतोय, म्हणून चिडली होती त्यांच्यावर.

नकुशी: आई चिडली... चांगलं हाय हे. हे लिव ना. सूर्य कशाला घालतीस? हे घाल.

रंभा: लिहू?

नकुशी: लिव. आन् गुरुजी काढ त्यातनं. गुरुजींचं नाव काढ आन् तिथं तुझं घाल. तो राग आला व्हता, ते पण. उकार लांब ओढलास, ते पण. चहा गाळलास, ते तर घालच. काही ठेवू नको मागं.

रंभा: त्या सगळ्या बायकांसमोर वाचायचं? बँकेतली, वकिलीण...

नकुशी: मी सगळ्या गावासमोर स्टेजवर उभी व्हते. तू खुर्चीत बसून वाचणार. जमंल.

रंभा: आणि तू? तू शिफ्ट सोडून आबांकडं आली नाहीस, ते...

नकुशी: ते माझं हाय. ते तू लिवू नको. ते मी बघीन.

रंभा: बरं. नाही लिहिणार.

नकुशी: अजून एक. तुझ्या वस्तीवरच्या सगळ्या आयांना तीनदा इचारतीस. मला एकदा पण कुणी इचारलं न्हाई.

रंभा: काय?

नकुशी: इचार की.

रंभा: तुझं नाव काय लिहू?

नकुशी: नकुशीच लिव.

रंभा: नक्की? बदलता येतं गं गोष्टीत. तिथं तरी तुला...

नकुशी: न्हाई. ते आता माझं झालंय. त्याच नावानं घर बांधलंय मी, त्याच नावानं पोरांना शिकवलंय. बिहारची पोरं दीदी म्हणत्यात त्याच्या म्होरं. ते दुसऱ्या कुणाला देत न्हाई मी. रश्मी एकदाच लिव. आबा बोलतो तिथं. तेवढं त्याच्या तोंडी असू दे.

रंभा: घरी जाऊन लिहिते. रविवारच्या आत.

नकुशी: घरी गेलीस की वही घरी राहील. आत्ता लिव. एक ओळ. मी साडी बदलते तवर.

रंभा: आत्ता? इथं?

नकुशी: पाटावर बस. पेन फ्रिजवर हाय, दुधाचं लिवायचं. डबा मी भरते.

रंभा: नकू, अक्षर वाकडं येतंय.

नकुशी: येऊ दे. तवा सरळ आलं व्हतं, आता वाकडं येऊ दे.

रंभा: लिहिलं बघ काहीतरी. नीट नाही आलं. नुसतं साधं आलंय.

नकुशी: पिना लावून दे ही मागनं. काय लिवलंस, वाच.

रंभा: 'धाकटीचं नाव रश्मी लिव, असं आबांनी मला विहिरीवर सांगितलं, आणि मी ते लिहिलं नाही.'

नकुशी: एवढंच?

रंभा: एवढंच झालं. बस आली वाटतं, हॉर्न वाजला.

नकुशी: थांबंल ती मिनिटभर. परत वाच.